दारातून परत गेलेलं गिऱ्हाईक

ताई, नमस्कार.

सांगलीत विश्रामबागेत माझा स्नूकर-पूलचा हॉल आहे. पहिल्या मजल्यावर, सगळीकडून बंद, एसी. दोन मोठी टेबलं, तीन पूलची, कोपऱ्यात कॅरम आणि पुढं चहा-मॅगी-कोल्ड्रिंकचा काउंटर. २०१९ च्या शेवटी सुरू केला आणि लगेच लॉकडाऊन लागला. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. हॉलमध्ये पहिल्यापासून सिगारेट चालते. मी मुद्दाम परवानगी दिली असं नाही, पण थांबवलंही नाही. काउंटरला सुट्टी सिगारेट ठेवतो, चहाबरोबर खपते. मध्यंतरी पथक आलं, दोनशेची पावती फाडून गेलं. आता बायकोचा हट्ट आहे की हे बंद करा. मेव्हणा भागीदार आहे, तो म्हणतो, "दाजी, उगं नस्ती भानगड करू नका, संध्याकाळची गँग पलीकडच्या हॉलला जाईल." मिरज रोडला नवा हॉल झालाय, तिथं सगळं चालतं. गेल्या महिन्यात एक बाई मुलाला शिकवायला घालायचं म्हणून आल्या, दारातच नाकाला पदर लावला आणि खालच्या खाली परत गेल्या. आमचा मार्कर (बॉल लावणारा, स्कोअर धरणारा) पोरगा पण हल्ली खोकतो, दिवसाची पाळी मागतोय. मी काचेची केबिन करून एक्झॉस्ट लावायचा विचार करतोय, म्हणजे दोन्ही बाजू सांभाळल्या जातील. केबिन करू की सरळ बंदी घालू? आणि बंदी घातली तर जुन्या गिऱ्हाइकांना तोंड कसं देऊ?

– एक हॉलवाला, सांगली

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कर्ज, मेव्हणा, गँग, पलीकडचा हॉल यांवर तुम्ही सविस्तर लिहिलंय. मार्करच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय, तेही "पण" लावून, जाता जाता. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला त्या वाक्यात दिसतं.

माझे वडील एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. हातात बॅटरी, अंगात खाकी शर्ट, दुपारच्या खेळापासून रात्रीच्या खेळापर्यंत अंधारात उभे. पडद्यावर "धूम्रपान मनाई आहे"ची स्लाइड लागायची आणि त्याच झोतात धूर वळवळताना दिसायचा. वडिलांनी उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाही. पण रात्री घरी आल्यावर आई तो शर्ट आत आणू द्यायची नाही, ओसरीच्या दोरीवर टांगायला लावायची. पुढं खोकला धरला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला किती?" वडील म्हणाले, "एक पण न्हाई." डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसलेला नाही, हे मला त्या वयातही कळलं होतं. ओढणारे तीन तासांनी घरी जायचे. वडील पुढच्या खेळाला परत आत.

तुमचा मार्कर असाच आत आहे. गिऱ्हाईक दोन फ्रेम, म्हणजे दोन डाव, खेळतं, दोन सिगारेटी ओढतं आणि गाडीला किक मारून निघून जातं. पोरगा बॉल लावतो, स्कोअर धरतो, टेबल पुसतो, चहा देतो, आणि तुमचा हॉल उघडल्यापासून बंद होईपर्यंत तीच हवा ओढतो. त्याला उठून जाता येत नाही. त्यानं दिवसाची पाळी मागितली म्हणजे संध्याकाळचा धूर सोसत नाही असं सांगितलं. नोकरीच्या भीतीनं एवढंच बोलता आलं त्याला. ते तुमच्या कानावर आलं आणि पत्रात लिहावंसं वाटलं, यावरून तुमचं मन कुठं अडलंय ते मला दिसतं.

दुसऱ्याच्या सिगारेटीचा धूर म्हणजे नुसता वास नव्हे. त्यात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगाशी जोडलेली आहेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की या धुराची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बारमध्ये काम करणाऱ्यांचा अभ्यास. कॅलिफोर्नियानं १९९८ मध्ये बारमध्ये धूम्रपान बंद केलं, तेव्हा तिथल्या ५३ कामगारांना बंदीच्या आधी आणि नंतर तपासलं. आधी ३९ जणांना खोकला, कफ, धाप असा काही ना काही त्रास होता. बंदीनंतर थोड्याच आठवड्यांत त्यातल्या २३ जणांचा त्रास गेलेला होता. औषधपाणी काही वेगळं केलं नव्हतं, हवा बदलली होती. तुमच्या मार्करचं वय एकोणीस-वीसच्या आतलं असणार. या वयात फुप्फुसं सावरतात, त्यांना सावरायला वेळ द्या.

आता केबिनचं. करू नका. पैसे वाया जातील आणि कायद्यातही बसणार नाही.

आपल्याकडे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. करमणुकीची ठिकाणं, थिएटरं, हॉटेलं, बार, कामाच्या जागा, सगळं त्यात येतं. तुमचा हॉल करमणुकीची जागाही आहे आणि मार्करच्या दृष्टीनं कामाची जागाही. धूम्रपानाची वेगळी खोली करायची मुभा फक्त तिघांना आहे: तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट, आणि विमानतळ. स्नूकर हॉल यात कुठंच बसत नाही. मॅगी देता म्हणून तुम्ही रेस्टॉरंट होत नाही. आणि ज्यांना मुभा आहे त्यांनाही काचेचा आडोसा चालत नाही. चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं, आतल्या हवेचा दाब बाकीच्या इमारतीपेक्षा कमी राहील अशी यंत्रणा हवी, म्हणजे दार उघडलं तरी धूर बाहेर न येता हवा आत ओढली जाईल. ती हवा थेट बाहेर सोडायची, परत आत मिसळू द्यायची नाही. त्या खोलीत चहासुद्धा द्यायचा नाही, आणि ती येण्याजाण्याच्या दारापाशी नको. तुम्हाला केबिनचं कोटेशन देणाऱ्यानं यातलं काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

एक्झॉस्ट फॅनबद्दलही सांगते, कारण बहुतेक मालक इथंच फसतात. तुमच्याकडे स्प्लिट एसी असणार. तो बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतली तीच हवा फिरवून गार करतो. म्हणजे एका टेबलाचा धूर थंड करून पाचही टेबलांना वाटतो. त्याला जोडून एक्झॉस्ट लावला तर धुरापेक्षा गारवा आधी बाहेर जाईल, वीजबिल वाढेल आणि वास तसाच राहील. पंखा लावून धूर आटोक्यात ठेवता येतो हा समज जगभर हॉटेलधंद्यात पसरला, आणि त्यात तंबाखू कंपन्यांचा मोठा हात होता, कारण त्यांना पंखा चालत होता आणि बंदी चालत नव्हती.

दोनशेच्या पावतीचं तुम्ही हलक्यात घेतलंय, त्यावर दोन शब्द. ओढणाऱ्याला दोनशेपर्यंत दंड आहे हे खरं. पण २००८ च्या नियमांनी जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर वेगळी जबाबदारी टाकली आहे. तक्रार येऊनही त्यानं काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितक्यांच्या गुन्ह्याइतका दंड त्याच्यावर. आणि हॉलमध्ये अॅश ट्रे, काडेपेटी, लायटर ठेवणं हाच नियमभंग आहे. टेबलाच्या कडेला अॅश ट्रे लावलेले असतील तर ते आज रात्रीच काढा, बाकीचं नंतर ठरवू. ते तिथं आहेत तोवर तुमचा फलक काहीही म्हणो, तुमचा हॉल "ओढा" म्हणतोय.

खरा धोका मात्र काउंटरवर आहे, आणि तो तुम्हाला दिसलेला नाही. सुट्टी सिगारेट आणि बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासूनच बंदी आहे. कारण सरळ आहे, आख्खं पाकीट घ्यायला पैसे नसलेल्या पोरांच्या हाती सिगारेट पडते ती सुट्टीच. आणि विश्रामबागेत तुमच्याकडे अकरावी-बारावीची पोरं येत नाहीत असं मला सांगू नका. क्लास सुटला की दोन तास ती कुठं जातात ते सगळ्या सांगलीला माहीत आहे. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहेच. त्याशिवाय २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितलाय. चहाबरोबर एक सिगारेट विकून किती सुटतात? तेवढ्यासाठी हे डोक्यावर घेऊन बसलाय तुम्ही. शिवाय शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डाच्या आत विक्रीच चालत नाही, तेवढं अंतर एकदा मोजून बघा. आणि कोणी कधी "हुक्का ठेवूया, पोरं येतील" असा सल्ला दिला तर त्याला तिथंच थांबवा. मुंबईत कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जीव गेले, त्यानंतर २०१८ मध्ये राज्यानं हुक्का पार्लरवर बंदी आणली, आणि तिथं तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, ताई, कायदा कळला, पण हप्ता कायदा भरत नाही. बरोबर आहे. धंद्याचं बोलू.

तुम्हाला जी भीती वाटते ती जगातल्या जवळजवळ प्रत्येक मालकाला वाटलेली आहे. आयर्लंडनं २९ मार्च २००४ ला पबसकट सगळ्या कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. पब म्हणजे त्या लोकांचा पार, आपल्या गावच्या पारासारखा. पबमालकांच्या संघटनांनी आधी कडाडून विरोध केला, धंदा बसेल, हजारो नोकऱ्या जातील म्हणाले. पुढं काय झालं? पबची विक्री घसरली हे खरं, पण ती बंदीच्या आधीपासूनच घसरत होती, लोक घरी प्यायला लागले होते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथल्या ओढणाऱ्यांनाच बंदीआधी आणि नंतर विचारलं होतं. आधी पबमधल्या संपूर्ण बंदीला शंभरात १३ जण हो म्हणत होते, वर्षभरानं ४६. हे ओढणारे बरं का, न ओढणारे नव्हेत. न्यूयॉर्क शहरानं २००३ मध्ये बारमध्ये बंदी घातली आणि वर्षभरानंतरच्या अहवालात रेस्टॉरंट-बारकडून आलेला कर ८.७ टक्क्यांनी वाढलेला होता. त्या वर्षी शहराची एकूणच परिस्थिती सुधारत होती, म्हणून सगळं श्रेय मी बंदीला देणार नाही. पण धंदा बुडाला नाही एवढं नक्की. २००३ मध्ये अशा ९७ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. जे नीट, विक्रीच्या खऱ्या आकड्यांवर केलेले होते त्यांत धंद्याला एक तर फरक पडला नव्हता किंवा फायदा झाला होता. नुकसान दाखवणाऱ्या बहुतेक अभ्यासांमागे तंबाखू उद्योगाचा पैसा होता.

आयर्लंड कुठं आणि विश्रामबाग कुठं, असं मेव्हणे म्हणतीलच. म्हणून घरचा आकडा देते. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली प्रौढ माणसं धरली तर तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेणारे २६.६ टक्के निघाले, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. आपला भाग मळून खाणाऱ्यांचा. तंबाखूचं राज्य आपल्याकडे धुरापेक्षा तळहातावरच जास्त आहे. शंभरात चारही माणसं ओढत नाहीत आणि त्यांच्यासाठी तुम्ही उरलेल्या शहाण्णवांना दारातच नाक दाबायला लावताय.

तुमच्या हॉलमध्ये हे प्रमाण जास्त असणार, कारण तुम्ही इतकी वर्षं ओढणाऱ्यांनाच गोळा केलंय. म्हणून माझ्या आकड्यावर विसंबू नका, तुमचा मोजा. दोनशे पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज लिहा: कुठलं टेबल, किती तास, किती पैसे, खेळणाऱ्यांत किती जण ओढत होते. उधारी किती राहिली तेही लिहा. संध्याकाळची गँग समजा आठ जणांची आहे, पण त्यातले खेळतात चौघं आणि चौघं बसून असतात, असं तर नाही ना ते बघा. ती मंडळी सगळ्यांत मोठ्यानं बोलतात म्हणून तुम्हाला वाटतं की गल्ला त्यांच्यावर चालतो. वही वेगळं सांगेल असा माझा अंदाज आहे. याच वहीत कापडाचा खर्चही मांडा. टेबलाच्या हिरव्या कापडावर जळकी भोकं किती पडलीत, कुशनच्या लाकडावर काळे डाग किती, गेल्या वेळी कापड बदलायला किती गेले. एसीच्या फिल्टरवर बसणारा तो पिवळा चिकट थर, सर्व्हिसिंगचे पैसे. हे सगळं तुम्ही आजवर "मेंटेनन्स" म्हणून भरत आलात. निम्मा तरी सिगारेटीचा खर्च आहे तो.

आणि त्या वहीत एक रकाना कधीच भरता येणार नाही, तो म्हणजे जे आलेच नाहीत त्यांचा. त्या बाई दारापर्यंत आल्या म्हणून तुम्हाला दिसल्या. जिन्यातूनच वास घेऊन वळलेले किती, मुलाला "तिथं जायचं नाही" म्हणून घरातच सांगणारे किती, ते तुमच्या गल्ल्याला कधी कळणार नाही. सांगलीत आई-वडील पोरांच्या खेळावर पैसे खर्च करतात. बुद्धिबळाच्या, बॅडमिंटनच्या क्लासला दुपारी कशी गर्दी असते ते तुम्हीही बघता. स्नूकर त्या यादीत का नाही? तो खेळच आहे की. तुम्ही त्याला अड्डा करून ठेवलाय, एवढंच. तुमची टेबलं दुपारी मोकळी असतात. शनिवार-रविवारी सकाळी शिकवणी लावलीत, तर आज एक रुपया न देणारे तास कमवायला लागतील.

पलीकडच्या हॉलचं काय? माझं मत थोडं वेगळं आहे. अशा बंदीला विरोध करणाऱ्या मालकांशी नीट बोललं तर कळतं की बहुतेकांना धूर नकोच असतो. त्यांना एकट्यानं आधी पाऊल टाकायची भीती असते. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद केलं तर कुणाचं गिऱ्हाईक कुणीकडं जाणार? म्हणून त्या हॉलवाल्याला भेटा. त्याच्याकडे जा, चहा प्या, आणि तुम्ही काय करताय ते सरळ सांगा. त्यालाही कापड बदलावं लागतं. त्याच्याकडेही एखादा मार्कर खोकत असेल. "दोघं मिळून एकाच तारखेपासून करू" म्हणा. जमलं तर सांगली-मिरज-कुपवाडमधल्या आणखी दोन-चार हॉलवाल्यांना फोन करा. तो नाहीच म्हणाला तर तक्रारी करत बसू नका, तुम्ही तुमचं करा. कायदा त्यालाही तोच आहे, आज ना उद्या त्याच्याही दारात उभा राहील. तोवर ओढणारे त्याच्याकडे गेले तर जाऊ द्या. न ओढणारे तुमच्याकडे येतील, आणि त्यांची संख्या मोठी आहे.

आता जुन्या गिऱ्हाइकांना तोंड कसं द्यायचं.

फलक लावून मोकळं व्हायचं नाही. आधी माणसांशी बोला. गँगमध्ये एक जण असा असतोच ज्याचं बाकीचे ऐकतात. त्याला हॉलबाहेर, एकट्याला गाठा आणि आठ-दहा दिवस आधी सांगा. चारचौघांत सांगितलंत तर त्याला मान राखण्यासाठी तुमच्याशी भांडावंच लागेल. एकट्याला "मी हे करतोय, तुमची साथ पाहिजे" म्हणालात तर तोच बाकीच्यांना खाली घेऊन जाईल. कायद्याची, पथकाची भीती घालू नका. ती एका पावतीत विरते, हे त्यांनी बघितलंय. मार्करचं सांगा, पण त्याचं नाव न घेता. "आमच्या पोरांना त्रास होतोय" एवढं पुरे. आपली माणसं पावतीला भीक घालत नाहीत, पण कुणाच्या पोराला आपल्यामुळं त्रास होतोय म्हटलं की गप्प होतात.

दुसरी गोष्ट टेबलाची. ओढणाऱ्याला खाली जायचा कंटाळा नसतो, त्याला भीती असते ती टेबल जाण्याची आणि मीटर पळण्याची. तेवढीच अडचण काढून टाका. एका तासाला एकदा सात मिनिटं टेबल राखून ठेवायचं आणि तेवढा वेळ मीटर थांबवायचं. नाटकाला जसं मध्यंतर असतं तसं. आपण सांगलीकर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून आपण नाटक बघतोय. नाट्यगृहात कुणी सिगारेट पेटवत नाही, मध्यंतरात बाहेर जातात, ओढतात, आणि तिसरी घंटा झाली की खुर्चीत येऊन बसतात. त्यासाठी कुणी नाटक बघायचं सोडलं नाही. स्नूकरला मध्यंतर द्या, माणसं परत येतील. फक्त जिना, पॅसेज, दाराची चौकट इथं ओढू देऊ नका. तोही इमारतीचाच भाग आहे आणि धूर तिथून आतच येतो. खाली, उघड्यावर, शेजारच्या दुकानदाराच्या तोंडावर येणार नाही अशी जागा दाखवा आणि तिथं थोटकांसाठी वाळूचा डबा ठेवा.

फलक नियमाप्रमाणे करून घ्या: कमीत कमी ६० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटर, पांढऱ्या पाटीवर लाल कडेचं वर्तुळ, त्यात काट मारलेली सिगारेट, आणि खाली मराठीत ठळक अक्षरांत की इथं धूम्रपान करणं गुन्हा आहे. प्रवेशाला एक, आत नजरेस पडेल असा एक. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लावावं लागतं. ते नाव तुमचं टाका, मार्करचं टाकू नका. एकोणीस वर्षांच्या पोरानं चाळिशीच्या गिऱ्हाइकाला "साहेब, विझवा" म्हणायचं आणि शिव्या खायच्या, हे त्याच्याकडून करून घेऊ नका. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी तुम्ही स्वतः हॉलमध्ये उभे राहा. कुणी पेटवलीच तर मार्करला पुढं न घालता तुम्ही जा, हळू आवाजात सांगा, खाली जागा आहे म्हणा, मीटर थांबवा. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर पैसे परत देऊन फ्रेम बंद करा. हे एकदा झालं की गावभर होतं, पुढच्याला सांगावं लागत नाही. पोरं हल्ली व्हेपही खिशात घालून येतात. ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि साठवणुकीवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तुमच्या हॉलचा नियम त्यालाही तोच ठेवा.

मेव्हण्यांचं. त्यांनी पैसे घातलेत, त्यांना भीती वाटणं साहजिक आहे, त्यांना वाईट म्हणू नका. पण वादाची जागा घरात नको. जेवणाच्या ताटावर तर अजिबात नको, नाहीतर तुमच्या पत्नीला भाऊ आणि नवरा यांच्या मधे उभं राहावं लागेल. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन हॉलमध्येच दोघं बसा आणि बेरीज त्यांना करायला सांगा. तीन महिन्यांची मुदत ठरवा: तीन महिन्यांनी पुन्हा वही बघायची. पहिल्या महिन्यात गल्ला थोडा खाली जाईल, हे आधीच कबूल करा म्हणजे ते तुमच्यावर उलटणार नाही. पण मुदतीचा अर्थ असा नाही की गल्ला कमी झाला तर धूर परत येईल. गल्ला कमी दिसला तर दर, वेळ, शिकवणी, स्पर्धा यांवर बोलायचं. धुरावर बोलणं संपलं. मेव्हणे स्वतः ओढत असतील तर ऑफिसच्या खोलीतही सूट नको. मालक आत ओढतोय आणि गिऱ्हाईक जिना उतरतंय, असं एकदा दिसलं की तुमचा शब्द गेला. सोडायचं कुणाच्या मनात असेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६. हा नंबर खालच्या वाळूच्या डब्यापाशी लावा. ओढताना वाचायला माणसाला वेळ असतो.

मार्करला या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मिरज जवळ आहे, दवाखान्यांचंच गाव आहे ते. सोबत तुम्ही जा, खर्च तुमचा, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. डॉक्टरांना सांगा की हा ओढत नाही, पण रोज इतके तास धुरात उभा असतो. हे कुणीतरी मोठ्या माणसानं शेजारी बसून सांगावं लागतं. माझ्या वडिलांच्या शेजारी त्या दिवशी मी बसले होते, आणि मी लहान होते.

धूर थांबल्यावर हॉल एक-दोन दिवस बंद ठेवा. पडदे काढून धुवा नाहीतर टाकून द्या. छत आणि भिंती साबणाच्या पाण्यानं पुसा, त्यावर बसलेला थर तसाच ठेवून रंग दिलात तर वास महिनाभरात परत वर येईल. एसीचे फिल्टर आणि आतली कॉइल साफ करून घ्या. जमलं तर एका तरी टेबलाचं कापड नवं घाला, लोकांना बदल डोळ्यांनी दिसला पाहिजे. खिडक्या खिळे मारून बंद केल्या असतील तर त्या उघडा आणि सकाळी हॉल सुरू करायच्या आधी तासभर वारं खेळू द्या.

आणि त्या बाई. येण्याआधी त्यांनी फोन करून वेळ विचारली असेल तर नंबर तुमच्या मोबाइलमध्ये असेल. रंग वाळला, वास गेला, की त्यांना फोन करा. मार्करला लावायला सांगू नका, तुम्ही स्वतः करा. "त्या दिवशी तुम्ही दारातून परत गेलात, ते बरोबर केलंत. आता एकदा येऊन बघा," एवढंच म्हणा, आणि मुलाचा पहिला तास फुकट द्या.